कोथरूड ते हिंजवडी, व्हाया प्लगपॉइंट

हिंजवडीला रोज जाणाऱ्या माणसाला अंतर विचारू नका, टायमिंग विचारा. आमच्या कोथरूडमध्ये 'सव्वाआठला चांदणी चौक' म्हणजे सेफ. 'पावणेनऊला चांदणी चौक' म्हणजे गेलात कामातून!

मी तशी फ्रीलान्सर, म्हणजे घरी पायजम्यात बसून काम करणारी जमात. पण दीड वर्षापूर्वी एका आयटी कंपनीचं इन-हाऊस मॅगझिन हातात आलं आणि कोथरूड डेपो ते फेज थ्री ही वारी सुरू झाली. जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर. त्याच सुमारास इलेक्ट्रिक हॅचबॅक घेतली. छोटीशी, २४ युनिटची बॅटरी, हिरवी नंबरप्लेट. माहितीपत्रकात रेंज तीनशेच्या वर लिहिलेली असते. पुण्याच्या रस्त्यावर एसी लावून दोनशेच्या आत धरून चला.

"आणि मध्येच बंद पडली तर?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. अरे, चाळीस किलोमीटरला दोनशेची गाडी! माझी पाचेक युनिट जातात, म्हणजे रोज साधारण वीस-बावीस टक्के. तिसऱ्या रात्री चार्जिंगला लावली की झालं. विजेचा स्लॅब धरूनही दिवसाचा खर्च पन्नास-साठ रुपये. याच ट्रॅफिकमध्ये पेट्रोलची गाडी किती पिते, ते तुम्हाला मी सांगायला नको.

खरी गंमत वेगळीच आहे. पुणं सपाट नाही, हे मला या गाडीमुळे कळलं. पौड रोडने चांदणी चौकाकडे निघालात की डॅशबोर्डवरचे दोन टक्के बघता बघता गायब. तो चढ पेट्रोलच्या गाडीत कधी जाणवलाच नव्हता. मग चौक येतो. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये तिथला जुना पूल स्फोटाने पाडला आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवीन पुलांचं जाळं खुलं झालं. कुठली लेन बावधनची आणि कुठली मुंबईची, हे कळायला मला आठवडा लागला होता. योग्य लेन मिळाली की पुढे उतार! ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा. चाकं मोटर फिरवतात, मोटर जनरेटर होते आणि थोडी वीज परत बॅटरीत. चढावर गेलेलं सगळं मिळत नाही, पण पुढचा किलोमीटर-दीड किलोमीटर आकडा जागचा हलत नाही. फुकटात काही मिळाल्याचा पुणेरी आनंद म्हणजे काय, तो हाच!

सूस, बाणेर, बालेवाडी. इथे हायवे मोकळा मिळाला की मी मुद्दाम हळू जाते, कारण ही गाडी वेगाला जास्त वीज खाते आणि ट्रॅफिकला कमी. सगळं उलटं. भूमकर चौकात वीस मिनिटं अडकलात तरी मोटर थांबलेलीच असते, जातो तो एसीपुरता करंट. इंजिनाची घरघर नाही. शेजारच्या कॅबमधलं एफएम मला माझ्यापेक्षा स्पष्ट ऐकू येतं. ट्रॅफिक तोच आहे बॉस, उशीरही तोच होतो. फक्त घरी पोचल्यावर डोकं कमी दुखतं.

इथपर्यंत सगळं सही. लोचा आहे तो रात्रीचा. गाडी लावायची कुठे हे सगळे विचारतात, गाडीची वायर लावायची कुठे हे गाडी बुक करताना कोणी विचारत नाही. माझी सोसायटी जुनी, तीन मजली. मी भाडेकरू. पार्किंगपासून मीटररूम तीस मीटरवर. माझ्याच मीटरवरून, माझ्याच पैशाने एक १५ अँपिअरचा पॉइंट हवा होता, बस. कमिटीच्या दोन मीटिंगा झाल्या. "लिफ्टची लाइट वापरणार का?" (आमच्याकडे लिफ्ट नाही.) "आग लागली तर?" "उद्या सगळेच मागतील." सेक्रेटरी काका शांतपणे म्हणाले, "तुम्ही मालक नाही ना, मॅडम."

केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०२२ च्या जानेवारीत काढलेल्या मार्गदर्शक सूचना मी प्रिंट काढून नेल्या. घरच्या चालू वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. काकांनी कागद वाचला, घडी घातली, फाइलला लावला. विषय पुढच्या मीटिंगला!

शेवटी मार्ग काढला तो आमच्या घरमालकीण काकूंनी. त्यांनी स्वतःच्या सहीने अर्ज दिला. त्यांच्या ओळखीच्या वायरमनने वेगळा एमसीबी टाकला, अर्थिंग तपासलं, पाइपातून वायर नेली, वर कुलपाची पेटी बसवली. आगीचा प्रश्न विचारणाऱ्या आजोबांना त्याने एमसीबी पाडून दाखवला. ते खूश. खर्च माझा. आणि मी घर सोडलं तर पॉइंट इथेच राहणार, हेही लिहून दिलंय. पण हिशोब बघा, बॅटरीची वॉरंटी आठ वर्षांची, माझं ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं.

तरी मी लकी. ऑफिसातला एक मित्र वाकडला नव्याकोऱ्या टॉवरमध्ये राहतो. जिम, पूल, सगळं आहे. पार्किंग मात्र एकावर एक गाड्या चढवणारं, मेकॅनिकल. तिथे वायर नेणार कुठून? तो दर रविवारी सकाळी हायवेजवळच्या फास्ट चार्जरवर तासभर बसतो, घरच्या युनिटच्या दुप्पट दर देतो, पुढे दोन गाड्या असतील तर अजून थांबतो. बायको म्हणते, "माझ्यापेक्षा जास्त वेळ गाडीला देतोस." पेट्रोल भरायला पाच मिनिटं लागायची, तो म्हणतो. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आमच्या पार्किंगमध्ये आता दुसरी हिरवी नंबरप्लेट आली आहे. एमसीबी पडताना बघणाऱ्या आजोबांच्या मुलाची! पॉइंट मागायला तो परवा काकांकडे गेला होता. मंजुरी पंधरा मिनिटांत. मालक आहे ना.

माझं ॲग्रीमेंट जूनमध्ये संपतंय. काकूंचा मुलगा परत येतोय, त्यामुळे घर शोधणं सुरू आहे. गेल्या शनिवारी बावधनला एक टू बीएचके बघितला. ब्रोकर बाल्कनीतून टेकडी दाखवत होता आणि मी खाली मीटररूम कुठे आहे ते विचारत होते.

"मॅडम, लोक आधी पाण्याचं विचारतात," तो म्हणाला.

पाण्याचंही विचारलं. टँकर येतो म्हणे.