दम पुन्हा घुमला

धडगाव, 2 एप्रिल 2022

आज पाडवा. राज्यातले कोरोनाचे निर्बंध उठले. संध्याकाळी मैदानावर गेलो, तर पोरं आधीच खडे वेचत होती. दोन पावसाळ्यांत गोखरूनं सगळी जागा व्यापलीय. आमची कबड्डी अनवाणी, म्हणून एकेक काटा वेचणं आलं. मग दोरी ताणून फक्कीनं आखणी केली: 13 बाय 10 मीटर, मध्यरेषा, निदान रेषा, बोनस रेषा.

क्रिकेट, व्हॉलीबॉल केव्हाच सुरू झाले होते. कबड्डी मागे राहिली आणि ते योग्यच होतं. अर्ध्या मिनिटाच्या चढाईत सतत दम घुमवायचा, सगळ्यांनी मिळून एकाला कवळायचं. श्वासातून पसरणाऱ्या रोगात हे परवडणारं नव्हतं. प्रो कबड्डीसुद्धा 2020 साली झाली नाही. पुढचा हंगाम बंगळूरच्या एका हॉटेलात, प्रेक्षकांविना खेळवला. इथे सातपुड्यात तर काही पाड्यांवरून आजारी माणसाला झोळीतून आणावं लागतं. थांबलो याचं दुःख नाही.

दुःख आहे ते मोडलेल्या संघाचं. शाळा बंद पडली आणि पोरं गुजरातेत ऊसतोडीला, बांधकामावर गेली. होळीला बरीच परतली. डावा कोपरा सांभाळणारा अजून तिकडेच आहे. "सर, उचल फिटली की येतो," फोनवर म्हणाला. त्याची जागा मी राखून ठेवलीय.

मुलींचा संघ नव्यानं बांधावा लागेल. दोघींची लग्नं झाली. उद्या त्यांच्या सासरी जाऊन बोलणार आहे, खेळू द्या म्हणून.