सरवा

ज्वारीची काढणी झाली, कणसं मोडून खळ्यावर गेली, की रानात जी चुकार कणसं मागं राहतात त्यांना सरवा म्हणतात. तो वेचायला कुणाची परवानगी लागत नसे. सदऱ्याची झोळी करून आम्ही पोरं रानोमाळ हिंडायचो. पण १९७२ साली सरवाच नव्हता, कारण रानच पिकलं नव्हतं.

दौलताबादच्या किल्ल्याखाली आमची वस्ती. याच किल्ल्यासाठी तुघलकानं १३२७ साली दिल्लीहून राजधानी इकडं आणली. वर जनार्दनस्वामींचं स्थान, खाली आम्हा दोन-चार ख्रिस्ती घरांची आळी. त्या वर्षी मात्र कोण वरचा नि कोण खालचा, काही उरलं नाही. सगळे सरकारी दुष्काळी कामावर. रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडायची, संध्याकाळी मुकादम टेप लावून ढीग मोजायचा आणि मापाप्रमाणे मजुरी मांडायचा. रेशनवर तांबडी मिलो मिळायची. तिची भाकरी घशाखाली उतरायची नाही, तरी दुसरी मागावीशी वाटायची.

मायच्या शेजारी एक म्हातारी बसायची. एकटी, डोळ्यांत मोतीबिंदू. हातोडी दगडावर कमी नि बोटावर जास्त पडायची. ती पाणी प्यायला उठली, की माय आपल्या ढिगातली एक टोपली उचलून हळूच तिच्या ढिगावर ओतायची. मी तेव्हा दहा वर्षांचा. तीन दिवस मी ते बघितलं. एक टोपली म्हणजे आमच्या घरची किती भाकर, हा हिशेब मला पक्का येत होता.

चौथ्या दिवशी मुकादमानं म्हातारीला म्हटलं, “आजी, आज बरं भरलं की तुमचं!” म्हातारी हसली. तिचं हसू बघून माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांदेखत ओरडलो, “तिचं कुठलं? आमची टोपली हाये त्याच्यात!”

म्हातारी माझ्याकडं बघत राहिली. मग वाकली, आपल्या ढिगातली खडी टोपलीत भरली आणि आमच्या ढिगावर आणून ओतली. हात थरथरत होते. काही न बोलता हातोडी उचलून ती निघून गेली.

माय मारील असं वाटलं होतं. तिनं मारलं नाही. माय निरक्षर. घरात वाचता येणारा मी एकटाच, म्हणून रोज रात्री कंदिलापुढं शास्त्रातलं वचन मी वाचायचो. त्या रात्री ती म्हणाली, “रूथ काढ.”

रूथचं पुस्तक चारच अध्यायांचं. सुरुवात दुष्काळानं होते. बेथलेहेम या नावाचा अर्थच भाकरीचं घर, आणि त्या घरातच भाकर नाही म्हणून नामीचं कुटुंब मवाबात जातं. तिथं नवरा जातो, दोन्ही मुलगे जातात. नामी मागं फिरते, आणि परक्या देशाची, परक्या देवाची विधवा सून रूथ तिच्याबरोबर येते. सासूला जगवायला ती बवाजाच्या शेतात सरवा वेचते. सरवा आमच्या पुस्तकात आहे, हे मला तोवर कधी जाणवलंच नव्हतं. शेताचा कोपरा न् कोपरा कापू नका, पडलेलं उचलू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या, असा नियम तर मोशेच्या काळापासूनचा. पण बवाज त्या नियमाच्याही पुढं जातो. पेंढ्यांतून मुद्दाम थोडं ओढून पाडत चला आणि तिला रागावू नका, असं तो आपल्या गड्यांना बजावतो.

तिथवर आलो नि माय म्हणाली, “थांब. परत वाच.”

मी परत वाचलं.

“बवाजानं हे कुणाला सांगितलं? गड्यांना. रूथला न्हाई सांगितलं. तिला वाटलं पायजे, आपण येचलं म्हनून मिळालं. तू आज तिची भाकर न्हाई काढून घेतली, लेकरा. तिचं येचनं काढून घेतलंस.”

दुसऱ्या दिवशी म्हातारी रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला बसली. मायनं पाण्याचा डबा माझ्या हाती दिला नि म्हणाली, “जा.” दोन दिवस तिनं पाणी घेतलं नाही. मी डबा ठेवून यायचो. तिसऱ्या दिवशी घटाघटा प्याली आणि पदरातून एक सीताफळ काढलं. किल्ल्याच्या खडकातलं, पाण्याविना खुरटलेलं, नुसतं बियांचं.

“घे,” म्हणाली, “फेड न्हाई ही. तू पानी आनलंस, मी फळ आनलं.”

तिथंच बसून मी ते खाल्लं. जीभभरही गर नव्हता. पण घेतल्याशिवाय सुटका नाही, एवढं त्या दिवशी कळलं. ती परत मायच्या शेजारी येऊन बसली. टोपलीचं पुढं काय झालं, ते मला माहीत नाही. मी बघणंच सोडून दिलं.

उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये, हे प्रभूचं वचन मी पुढं कितीदा देवळात ऐकलं, कितीदा उभं राहून वाचलंही. आता धान्याची पिशवी देताना घेणाऱ्याला फोटोसाठी उभं करतात. तो मान खाली घालतो, तेव्हा मला रस्त्यावरची ती खडी ओतल्याचा आवाज ऐकू येतो.

माझी थोडी जमीन आहे. काढणीला बांधालगतची एक ओळ मी राहू देतो. गडी म्हणतात, “मालक, ही राहिली की.” मी म्हणतो, “राहू दे, चुकून राहिली.” दोन दिवसांत ती ओळ साफ होते. कोण नेतं ते मी विचारत नाही, आणि त्या बाजूला दोन दिवस फिरकतही नाही.