सुकटीचा डबा आणि आयव्हार

शुक्रवारी डहाणू लोकलने बोईसरला उतरलो तेव्हा ठरवलं होतं, मुरब्याला आजीकडे दोन दिवस लॅपटॉप उघडायचा नाही. शनिवारी सकाळी फोन. यादीतल्या सगळ्या ऑर्डरींवर एकाच गिऱ्हाइकाचं नाव! तेही शेवटच्या. आणि फाईल कोणाची? अस्मादिकांची :)

ॲप जुनं, ऑब्जेक्टिव्ह-सी मधलं. या भाषेत पूर्वी क्लासच्या हेडरमध्ये इन्स्टन्स व्हेरिएबल, म्हणजे आयव्हार, लिहायचे आणि गेटर-सेटर हाताने. २००७ साली लेपर्डबरोबर ऑब्जेक्टिव्ह-सी २.० आलं, त्यात प्रॉपर्टी आली. २०१२ च्या एक्सकोड ४.४ पासून नुसती प्रॉपर्टी लिहिली की अंडरस्कोर लावलेला आयव्हार कंपायलरच करून देतो. तेव्हापासून आयव्हार वेगळा लिहायचं कारण फारसं उरलं नाही. पण तो असतोच, आणि क्लासच्या आतून थेट हात घालता येतो.

माझी नावाची प्रॉपर्टी 'कॉपी' होती, म्हणजे सेटर आलेल्या स्ट्रिंगची स्वतःची प्रत ठेवतो. पण इनिटमध्ये सेटर वापरू नये म्हणतात. ऑब्जेक्ट अर्धवट असतो, सबक्लासने सेटर बदललेला असू शकतो. म्हणून मी शहाण्यासारखा थेट आयव्हारला नाव दिलं. आलेली स्ट्रिंग म्यूटेबल, लूपमध्ये दर फेरीला तीच पुसून नवं नाव लिहिलेलं. प्रत कोणी काढलीच नाही, त्यामुळे सगळ्या ऑर्डरी त्या एकाच स्ट्रिंगकडे बघत बसल्या. नियम पाळून चूक करायला इंजिनियरिंगची डिग्रीच लागते.

हे शोधत असताना मी स्वयंपाकघरात बसलो होतो. आजीचा सुकटीचा डबा कोणी स्वतः उघडलेला तिला चालत नाही, मागायचं तिच्याकडे. मी भूक लागली म्हणून उघडला.

"घेतलंस ते घेतलंस, झाकण दाबलंस का? दर्याची हवा लागते त्याला."

नव्हतं दाबलं. उठलो, दाबलं, आणि परत येऊन आयव्हारच्या ओळीत 'कॉपी' लिहिलं. सेटर टाळायचा तर तो करतो ते काम आपणच करायचं, एवढंच राहिलं होतं. एका शब्दाची दुरुस्ती, वेळ पावणेतीन तास.

मग बाकीचे इनिट शोधले. अजून सात ठिकाणी तेच. त्यातली पाच माझी. असो. दुपारचे बोंबील थंडच खाल्ले.