मोहाच्या झाडाखालून तीन पत्रं

वरोरा, 18 मार्च

ती. अण्णांस साष्टांग नमस्कार.

ऐन द्राक्षाचा माल उतरायच्या दिवसांत मी पाठीला पिशवी अडकवून निघाले, म्हणून तुम्ही ओट्यापर्यंतसुद्धा आला नाहीत. ते लक्षात आहे. पण एप्रिलच्या छाटणीला मी बांधावर हजर असेन, हेही लक्षात ठेवा. व्यापाऱ्यानं गाडी भरली का? पैसे हातात पडल्याशिवाय दुसरी गाडी भरू देऊ नका, एवढंच सांगते.

आपल्याकडं गंगापूर धरणाच्या बाजूला मुंबईची माणसं द्राक्षबागांतून फिरायला येतात, मांडवाखाली फोटो काढतात, संध्याकाळी हातात पेला घेऊन डोंगराकडं बघत बसतात. ते बघून माझ्या डोक्यात आलं की आपणही एकदा जंगलातून, टेकड्यांवरून नुसतं चालावं. इथं उतरल्यावर स्टेशनाबाहेर चहावाल्याला विचारलं, चिमूरकडं जंगलातून पायवाट आहे का? त्यानं आधी माझे बूट पाहिले आणि मग म्हणाला, "पायी कायले जाता जी? यष्टी हाये ना." चालायची हौस ही गोष्ट या गावाला समजावून सांगताना माझीच पंचाईत झाली.

वरोरा तसं कोळशाचं गाव. इंग्रजांनी कोळशासाठीच वर्ध्याहून इथवर रूळ आणले. आज बहुतेक बाहेरचा माणूस इथं उतरतो तो आनंदवनासाठी. मीही गेले. तुम्हाला तिथली जमीन दाखवायला हवी होती. 1949 मध्ये बाबा आमटे सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये घेऊन तिथं गेले. झाडोरा, दगड आणि विंचू असलेली ती पडीक जागा. त्यांनी पहिल्यांदा विहीर खणली. पहिली भाजी निघाली तेव्हा गावात ती कुणी विकत घेईना, कारण ती कुष्ठरोग्यांच्या हातची. माल उत्तम आणि गिऱ्हाईक नाही, हे दुखणं तुम्हाला सांगायला नको. पण आपल्याकडं निदान घडाला हात लावून भाव पाडतात, इथं हातच लावत नव्हते. आज तिथं सावलीतून चालताना ती जमीन मूळची कशी होती याचा पत्ताच लागत नाही.

उद्या शेगावच्या पुढं, चिमूरच्या वाटेवर एका मैत्रिणीच्या माहेरी जातेय. (हे गजानन महाराजांचं शेगाव नव्हे, आईला आधीच सांगा, नाहीतर प्रसाद मागेल.)

तुमची,
धाकटी

---

चिमूरच्या वाटेवरून, 22 मार्च

ती. अण्णांस सा. न.

बूट काढून ठेवलेत. इथं कुणी बूट घालून जंगलात जात नाही, आणि उजाडल्यावरही कुणी जात नाही. पहाटे निघतात. मोहफूल रात्रीतून आणि पहाटे गळतं आणि ऊन चढायच्या आत वेचावं लागतं, नाहीतर गुरं आणि हरणं खाऊन जातात. अस्वलाला तर त्याचं वेड. आम्ही सात बायका आणि एक म्हातारे आजोबा, टोपल्या आणि दोन बॅटऱ्या. वाट म्हणजे एका मोहापासून दुसऱ्या मोहापर्यंत पायांनी पडलेली रेघ. टेकडीला वळसा घालते, नाल्यात उतरते, पुन्हा चढते. ती कुठल्या गावाला जात नाही. जिथं शेवटचं झाड आहे तिथं ती संपते.

झाडं जंगलात आहेत, सातबारा कुणाचाच नाही, तरी कुठलं झाड कुणाच्या घराचं हे पिढ्यांपासून ठरलेलं. "हे आमच्या सासूचं," असं एकीनं खोडावर हात ठेवून सांगितलं, आपण "ही वरची बाग थोरल्याची" म्हणतो तसं. फरक एवढाच की या झाडाला कुणी छाटलं नाही, औषध मारलं नाही, विरळणी केली नाही. अवकाळीची धास्ती मात्र तीच. ढग आले की त्या बायकांचं तोंड तुमच्यासारखं होतं.

फूल हातात घेतलं. वाटाण्यापेक्षा बरंच मोठं, पिवळसर पांढरं, गुबगुबीत, मधून पोकळ. बोटांना चिकटतं. वास असा की बागेत तडकलेले घड मांडवाखाली चार दिवस पडून राहिले की येतो ना, तसा, पण आंबट नाही. तोंडात टाकलं तर गोड, आणि मागून किंचित उग्र. घरी अंगणात पसरलं की चार दिवसांत तांबूस तपकिरी होतं, सुरकुततं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी सरळ म्हटलं, अय्या, बेदाणा! सगळ्या हसल्या. त्यांनी बेदाणा लग्नातल्या शिऱ्यात पाहिलेला.

आता मुख्य गोष्ट, आणि ही आईला वाचून दाखवू नका. वेचता वेचता माझ्या चपलेचा पट्टा निघाला म्हणून मी जरा बाजूला जाऊन खाली वाकले. मागून आजोबा केवढ्यानं ओरडले: "वाकू नोका! उभ्या राहा!" मी ताडकन उभी. मग त्यांनी शांतपणे समजावलं. वाकलेला माणूस वाघाला माणूस दिसत नाही, चार पायांचं जनावर दिसतं. आणि मोह वेचायचा म्हणजे दोन-तीन तास वाकूनच असायचं. म्हणून कुणी एकटं जात नाही, एकजण कायम उभा राहून चहूकडं पाहतो, आणि बाकीच्या सारख्या बोलत राहतात. मला वाटलं होतं या बायका फार बडबड्या. ती बडबड राखणीची होती. कुणी दोन मिनिटं गप्प झाली की दुसरी तिचं नाव घेऊन हाक मारायची.

ताडोबा इथून फार लांब नाही. 1955 पासूनचं राष्ट्रीय उद्यान, आता व्याघ्र प्रकल्प. आत जीपमध्ये बसून वाघ बघायला लोक महिना महिना आधी नाव नोंदवतात. तोच वाघ हद्द ओलांडून या मोहाखाली येतो तेव्हा त्याला बघायला कुणी उत्सुक नसतं. या मोसमात चंद्रपूर जिल्ह्यात मोह वेचायला गेलेली माणसं मारली जातात, ही इथं दरवर्षीची बातमी. वनखातं सांगतं, पहाटे जाऊ नका. फूल मात्र पहाटेच पडतं.

खातं आणखी एक सांगतं आणि त्यात तथ्य आहे. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवायची जुनी सवय. ती आग वाऱ्यावर जंगलात शिरते. आमच्या आजोबांच्या झाडाखाली मात्र केरसुणीनं लोटून अंगण केलेलं होतं, सारवायचंच काय ते बाकी.

परवा रामदेगीच्या टेकडीवर जाऊन आले. दुपारची वेळ, पळस पेटलेला, सागाची पानं झडून रान उघडं पडलेलं. चढ फारसा नाही. वर सावलीत बसले आणि जाणवलं की इथं आल्यापासून पहिल्यांदाच मी काही न वेचता चालले होते. तेवढ्यानंच जरा अपराधी वाटलं. तुमची शिकवण, दुसरं काय!

तुमची,
धाकटी

---

मेंढा (लेखा), 28 मार्च

ती. अण्णांस सा. न.

मूलवरून व्याहाडला आले आणि वैनगंगा ओलांडून गडचिरोली जिल्ह्यात शिरले. पाणी कमी, वाळू फार. हे गाव धानोऱ्याच्या रस्त्याला आहे, गोंडांचं. 2009 मध्ये या ग्रामसभेला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला परवाना हवा, तो खातं देईना. 2011 मध्ये केंद्रातले मंत्री जयराम रमेश इथं आले तेव्हा वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. आपला माल आपल्या गाडीत भरायला एवढं भांडावं लागलं. इथल्या पायवाटांवर चालताना प्रत्येक फाट्याला सोबतचा मुलगा सांगत होता: हा बांबू यंदा तोडायचा, तो ठेवायचा, इकडं जायचं नाही. मला वाट दाखवत होता की हिशेब, कळेना.

आता दारूचं लिहिते, कारण तुम्ही फोनवर विचारलंत. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपूरला 2015 मध्ये आली, 2021 मध्ये उठली. मला पहिल्यांदा रागच आला. आपल्या द्राक्षाची वाईन निघावी म्हणून सरकारनं 2001 मध्ये खास धोरण आणलं, करात सूट दिली. मोहफुलासाठी मात्र मुंबई इलाख्यात 1892 सालीच निर्बंधाचा कायदा आला. द्राक्ष आंबलं की उद्योग आणि मोह आंबला की गुन्हा, असं एक तडफदार वाक्य मी मनात तयार ठेवलं होतं. ते चिमूरच्या बाजूला त्या बायकांसमोर टाकलं.

कुणी मान डोलावली नाही. एक म्हणाली, "तुमच्या गावचा माणूस पिऊन बायकोले मारत नाही काय?" चंद्रपूरच्या बंदीसाठी डिसेंबर 2010 मध्ये बायकांचा मोर्चा चिमूरहून नागपूरला पायी गेला होता. वरोऱ्याला मला वाटलं होतं ना, इथं लांब पल्ल्याचं कोण चालतं? त्या चालल्या होत्या, थंडीत. आणि त्याच बायका मोह वेचतात, देवाला मोह वाहतात, टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल काढतात, भाकरीत फूल घालतात. त्यांना फुलाचा राग नाही. आपल्या बागेचा घड शेवटी कुठल्या पिंपात जातो आणि तो पेला कुणाच्या घरात काय करतो, हे आपण कधी विचारलंय? मी तर नाही.

रविवारी निघते. पिशवीत दीड किलो वाळलेलं मोहफूल आहे, त्या सासूच्या झाडाचं. पैसे घेईनात, शेवटी मी माझी बॅटरी ठेवून आले. आईला सांगा, निवडून, धुऊन, रात्रभर भिजवायचं, वाटायचं आणि ज्वारीच्या पिठात मळायचं. गूळ लागत नाही. आणि एक पितळी डबा रिकामा करून ठेवायला सांगा, घट्ट झाकणाचा. गाडीत पिशवी खाली ठेवली तर अर्ध्या तासात मुंग्यांची रांग लागते.

तुमची,
धाकटी