उजेड वाढवा, रंग बदलू नका

"फोटो एडिटिंग हा काय चळवळीचा विषय आहे का?" गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न मला बऱ्याच कार्यकर्त्यांनी विचारला. कुणी हसत विचारला, कुणी जरा चिडून. अॅट्रॉसिटीच्या केसेस आहेत, पोरांची शिष्यवृत्ती अडकली आहे, गायरानाचे प्रश्न पडून आहेत, आणि ही बाई लॅपटॉपवर रंगांशी खेळत बसते, असा त्यामागचा सूर. या प्रश्नाला तोंडी उत्तर देऊन मी कंटाळले, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

मी आजरा तालुक्यात समाजकार्य करते. एम.ए. समाजशास्त्रात केलं. फोटोग्राफी हा छंद, पोटापाण्याचा धंदा नाही. कोल्हापुरातून घेतलेला सेकंडहँड कॅमेरा, एक लेन्स आणि रोजच्या कामाचाच लॅपटॉप, एवढं भांडवल. फोटोशॉपचं दर महिन्याचं भाडं परवडत नव्हतं आणि चोरीची कॉपी टाकायची नव्हती. म्हणून गिंप आणि डार्कटेबल ही दोन सॉफ्टवेअर घेतली. दोन्ही फुकट आहेत, आणि मुक्त आहेत, म्हणजे त्यांचा कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट कधी जाईल याचा भरवसा नसतो, त्यामुळे बॅटरी टिकेल तेवढाच अभ्यास. यूट्यूबवर बघायचं, वहीत लिहायचं, करून बघायचं.

शिकता शिकता जो पहिला खरा प्रश्न समोर आला, तो आपल्याच विहारातला होता. बुद्धपौर्णिमेला बाया पांढऱ्या साड्या नेसून येतात, पुरुष पांढऱ्या सदऱ्यात. सगळी सभा पांढरीशुभ्र. फोटो काढला की साड्या दिसतात, चेहरे काळोखात जातात. असं का होतं? कॅमेऱ्यातला मीटर डोळे मिटून एकच गृहीत धरतो: समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचं आहे. फोटोग्राफीच्या पुस्तकांत याला अठरा टक्के करडा म्हणतात. समोर पांढरं जास्त दिसलं की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फोटो अंधारा करतो. पांढरी साडी करडी होते आणि सावळा चेहरा त्याहून खाली जातो. माणसाचा यात काहीच दोष नाही. दोष मोजपट्टीचा आहे.

उपाय अवघड नाही. कॅमेऱ्यात एक्स्पोजर एक पायरी वर घ्यायचं, पण साडीचा पोत उडणार नाही इतपतच. फोटो जेपीईजीऐवजी रॉ फाईलमध्ये काढायचा. जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, चौदा बिटच्या रॉ फाईलमध्ये १६,३८४. म्हणजे अंधारात गेलेल्या चेहऱ्याची माहिती फाईलमध्ये शाबूत असते, फक्त वर काढावी लागते. मग सॉफ्टवेअरमध्ये चेहऱ्यांपुरता मास्क करायचा आणि तेवढ्याच भागावर उजेड टाकायचा. डोळे दिसू लागतात, ओठांची ठेवण दिसते, कपाळावरची आठी दिसते. माणूस आपल्या रंगासकट परत येतो.

पण याच सॉफ्टवेअरमध्ये दुसरा एक सोपा रस्ता आहे, आणि बहुतेक लोक त्याच रस्त्याने जातात. माणसाच्या कातडीचे जवळजवळ सगळे रंग, अगदी गोऱ्यापासून काळ्यापर्यंत, रंगचक्रावर नारिंगीच्या आसपासच्या अरुंद पट्ट्यात येतात. फरक असतो तो मुख्यतः गडद-फिक्याचा. एरवी भेद मोजणाऱ्या जगात हे वाचून मला बरं वाटलं होतं. पण त्यामुळेच नारिंगीचा एक स्लायडर वर ढकलला की कातडी तेवढी पांढरी पडते. केस तसेच, साडी तशीच, सावली तशीच, फक्त चेहरा वेगळ्याच बाईचा. याला एडिटिंग म्हणतात, 'फिनिशिंग' म्हणतात. फोनमधला ब्युटी मोड तर न विचारताच हे करून मोकळा होतो.

इथे आपल्या भाषेकडेही बघा. मराठीत 'उजळ' हा शब्द उजेडासाठीही आहे आणि गोऱ्या रंगासाठीही. 'वर्ण: उजळ' असं स्थळाच्या बायोडाट्यात सर्रास लिहितात. 'निमगोरा', 'गव्हाळ' या त्याच्या खालच्या पायऱ्या. त्यामुळे स्टुडिओत जाऊन कुणी "फोटो जरा उजळ करा" म्हटलं की समोरचा उजेड वाढवत नाही, रंग बदलतो. आमच्या ओळखीच्या एका मुलीचा लग्नासाठी काढलेला फोटो एका स्टुडिओने इतका पांढरा करून दिला, की मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनी दारातच एकमेकांकडे पाहिलं. स्थळ मोडलं. फोटो करणाऱ्याला त्याचं काय? अपमान गिळला तो त्या पोरीने.

आता कुणी म्हणेल, हे सगळं आजच्या फिल्टरचं खूळ आहे. तसं नाही. १९५० च्या दशकात कोडॅक कंपनी अमेरिकेतल्या फोटो लॅबना रंग जुळवण्यासाठी एक नमुना कार्ड पाठवायची. त्यावर एका गोऱ्या स्त्रीचा फोटो असे, आणि अशा कार्डांना 'शर्ली कार्ड' हेच नाव पडलं. शर्लीची कातडी बरोबर दिसली की मशीन बरोबर लागलं. काळ्या मुलांचे चेहरे शाळेच्या ग्रुप फोटोत नुसते डाग दिसत. पुढे फिल्म सुधारली, त्याला कारण म्हणून फर्निचर आणि चॉकलेटच्या कंपन्यांच्या तक्रारी सांगितल्या जातात. त्यांचं लाकूड आणि चॉकलेट फोटोत नीट उठत नव्हतं. काळ्या माणसाची तक्रार वर्षानुवर्षं ऐकू न येणाऱ्यांना चॉकलेटची तक्रार ऐकू आली.

आपल्याकडची गोष्ट तर त्याहून जुनी आहे. ब्रिटिश सरकारने १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड काढले. जाती-जमातींचे फोटो, खाली त्यांच्या स्वभावाचं वर्णन. कॅमेऱ्यासमोर माणूस उभा होता, पण फोटो जातीचा काढला जात होता. आपल्या बहुतेकांच्या पणजोबांचा एकही फोटो घरात नाही. त्या काळी कुणाच्या जातभाईचा फोटो निघालाच, तर तो असा नमुना म्हणून निघाला.

फोटोचं तंत्र हा चळवळीचा विषय आहे का, या प्रश्नाला इतिहासाने उत्तर देऊन ठेवलेलं आहे. एकोणिसाव्या शतकात गुलामीतून निसटलेला फ्रेडरिक डग्लस फोटोची ताकद ओळखून होता. त्याचे १६० हून अधिक वेगवेगळे फोटो सापडले आहेत, त्या शतकातल्या कुठल्याही अमेरिकन माणसापेक्षा जास्त. फोटोग्राफीवर त्याने भाषणं दिली. पुढे १९७० मध्ये पोलरॉइड कंपनीतल्या कॅरोलिन हंटर आणि केन विल्यम्स या दोन काळ्या कामगारांच्या लक्षात आलं, की आपल्या कंपनीचं तंत्र दक्षिण आफ्रिकेत काळ्यांच्या पासबुकवरचे फोटो काढायला वापरलं जातं. ते पासबुक म्हणजे गळ्यातला पट्टाच. त्यांनी आंदोलन उभं केलं, हंटरची नोकरी गेली, पण १९७७ मध्ये पोलरॉइडला दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडावं लागलं. अगदी अलीकडे, २०२२ मध्ये, गूगलने कातडीच्या दहा छटांची एक पट्टी जाहीर केली. ती तयार करणारे एलिस मंक हे हार्वर्डमधले समाजशास्त्रज्ञ आहेत. समाजशास्त्र शिकून पुढे काय, असं विचारणाऱ्या पोरापोरींना मी आता हे उदाहरण देते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर माझ्या म्हणण्याचा विपर्यास होईल. काळा म्हणजे दलित आणि गोरा म्हणजे सवर्ण, असं समीकरण मी मांडत नाही. ते समीकरण बाबासाहेबांनीच मोडीत काढलं आहे. जातिसंस्थेच्या उच्छेदावरच्या १९३६ च्या भाषणात त्यांनी पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार वंशाने एकच असल्याचं मांडलं. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात तर नाकाच्या मापांचे आकडे घेऊन वंशभेदाचा सिद्धांत खोडून काढला. आजऱ्याच्या बाजारात उभं राहून रंगावरून जात ओळखून दाखवा, जमणार नाही. जातीला रंग नाही. पण या समाजाने गोऱ्या रंगाला कुलीनतेचं प्रमाणपत्र दिलं आहे, आणि आपणही ते नकळत घरात लावून घेतलं आहे. १४ एप्रिलचे फ्लेक्स बघा. बाबासाहेबांचे बहुतेक फोटो कृष्णधवल आहेत, त्यात रंग नाहीच. तो कुणीतरी कॉम्प्युटरवर बसून भरतो. मग दरवर्षी चेहरा आणखी गुलाबी का होतो? महामानव गोराच असला पाहिजे, हे कुणी ठरवलं?

आता दुसरी बाजू. आजऱ्यात काजूवर प्रक्रिया करणारे कारखाने आहेत, आणि तिथे मुख्यतः बाया काम करतात. काजूच्या टरफलातला चीक हाताला लागला की कातडी भाजते, काळी पडते. अशाच एका मावशींचा फोटो मी काढला. त्या म्हणाल्या, "ताई, हातांचं तेवढं बघ. आणि जरा उजळ कर की, लई काळी दिसतीया मी."

आता काय करायचं? "मावशी, ही मानसिक गुलामी आहे," असं भाषण ठोकायचं? मला ते पटत नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या बायांना लुगडं नीट नेसायला सांगितलं, अस्पृश्यतेची ओळख सांगणारे दागिने टाकून द्यायला सांगितले. चांगलं दिसण्याची इच्छा हा स्वाभिमानाचा भाग आहे, हे त्यांनी ओळखलं होतं. मावशींना गोरं व्हायचं नव्हतं, त्यांना नीट दिसायचं होतं. मी त्यांना खिडकीशी बसवलं, पांढरी साडी नेसून, हात पदरात. मऊ उजेड एका बाजूने आला. लॅपटॉपवर फक्त चेहऱ्यावर थोडा उजेड वाढवला, नारिंगीच्या स्लायडरला हात लावला नाही. प्रिंट बघून त्या म्हणाल्या, "हां, ही मी हाय." घरच्या भिंतीवरचा फोटो त्यांचा आहे, त्यात हात लपवायचे की दाखवायचे हे त्याच ठरवणार. काजू कामगारांच्या प्रश्नावरच्या पोस्टरसाठी त्यांनी स्वतःच हात पुढे केले, आणि त्या फोटोतला एकही डाग मी पुसला नाही.

गोरं करणाऱ्यांवर टीका करताना उलट्या टोकाच्या लोकांनाही सोडून चालणार नाही. पावसाळ्यात आंबोलीला जाणारे शहरी हौशी फोटोग्राफर वाटेत आमच्या शेतांत थांबतात. भात लावणाऱ्या बाया, डोक्यावर इरलं, पाय चिखलात. मग एडिटिंगमध्ये क्लॅरिटीचा स्लायडर शेवटपर्यंत ओढायचा. सुरकुत्या खोल होतात, कातडी खडकासारखी, आभाळ काळंकुट्ट. फोटो स्पर्धेत जातो, बाईचं नावही कुणी विचारलेलं नसतं. काही संस्थांच्या अहवालांतले 'लाभार्थी' असेच असतात: जितका चेहरा रापलेला तितका निधी पक्का. एकजण आपल्याला पांढरं करून लपवतो, दुसरा काळं करून विकतो. माणूस दोघांनाही नको असतो. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे जे कृष्णधवल फोटो काढले, ते याच्या शेजारी ठेवून बघा. घाण लपवलेली नाही, आणि घाणीत उभा असलेला माणूस माणूसच राहतो.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना माझं सांगणं आहे, हे काम शिका. महागडं काही लागत नाही, फोनवर स्नॅपसीड फुकट मिळतं. फोनचा ब्युटी मोड आजच बंद करा. एडिट झाल्यावर चेहरा, मान आणि हात यांचा रंग एकमेकांशी जुळतो का ते तपासा. न जुळला तर तुम्ही उजेड वाढवला नाही, रंग बदललाय. फोटो लावण्याआधी ज्याचा आहे त्याला दाखवा. जयंतीचा फ्लेक्स करणाऱ्याच्या शेजारी बसा आणि गुलाबी रंगाला नाही म्हणा.

आणि घरोघरच्या पेट्यांत पडलेले जुने फोटो वाचवा. धम्मदीक्षेचे, मोर्चांचे, वसतिगृहांचे. निदान ६०० डीपीआयला स्कॅन करा, मूळ फाईल वेगळी ठेवा, मागे लिहिलेलंही स्कॅन करा, आणि फोटोत कोण आहे ते जाणती माणसं आहेत तोवर विचारून लिहून घ्या. एआयच्या अॅपमध्ये टाकून तो 'नवा' करून घेऊ नका. ते अॅप पुसट झालेल्या आजीच्या जागी एक गुळगुळीत, अनोळखी, बहुधा गोरी बाई बसवतं. आपल्याकडे आजीचा तो एकच फोटो असतो. तिला तिच्याच रंगात राहू द्या.

जय भीम!