लुडबुडीला काम

मुलं स्वयंपाकघरात आली की आपलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "लुडबुड करू नका." फारच हट्ट धरला तर कणकेचा एक गोळा हातात मिळतो. त्याची चिमणी होते, साप होतो, आणि मळून काळा पडलेला तो गोळा शेवटी केरात जातो. आपल्या कष्टाचं काही पानात येणार नाही, हे मुलांनाही पक्कं कळतं. म्हणून नातवंडांबरोबर रांधताना माझा नियम एकच: त्यांच्या हातचं सगळ्यांच्या पानात पडलं पाहिजे.

त्यासाठी पदार्थ विचार करून निवडावा लागतो. पोळ्या नकोत, तिथे हात बसायलाच वर्षं जातात. दडपे पोहे मात्र लहान हातांना झेपतात. पातळ पोहे, ओलं खोबरं, कांदा, काकडी, कोथिंबीर, लिंबू; गॅस लागतो तो फोडणीपुरता. चिरणं आणि नारळ खोवणं मी आधीच उरकते. नाहीतर मुलं ताटकळतात, आणि ताटकळलेलं मूल नेमकं विळीकडे जातं.

पाच वर्षांचा धाकटा पोहे निवडतो, कोथिंबिरीची पानं खुडतो. थोरली पोह्यांवर नारळाचं पाणी शिंपडते. पाणी एकदम पडलं की पातळ पोह्यांचा लगदा होतो. पण "बेतानं" म्हणजे किती, हे सांगून कळत नाही. बोटं बुडवून झटकायची, खालचे पोहे वर आणायचे, मुठीत धरून बघायचे. मुठीत कुरकुर वाजतंय तोवर पाणी हवं, ही खूण थोरलीनेच शोधली. मी आजवर नुसतं डोळ्यांनी बघत आले होते.

मीठ धाकट्याच्या चिमटीने घालायचं. ती इतकी एवढीशी, की दोनदा चुकली तरी पोहे खारट होत नाहीत. हिरवी मिरची आणि फोडणी मात्र माझ्याकडे. मिरचीचा हात डोळ्याला लागायला वेळ लागत नाही. मोहरी तडतडून शांत होईपर्यंत दोघांनी दारापाशी उभं राहायचं. मग सगळं कालवून, झाकण दडपून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. हेच त्यांना सगळ्यात जड जातं. तेवढ्यात पाट-पाणी, वरून घालायला भाजलेला पोह्याचा पापड चुरणं, अशी कामं काढून ठेवलेली बरी.

मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह सुरू केलं. पुढे त्यांच्या शाळांतून मुलंच जेवणाची मांडामांड करू लागली, तीही फुटू शकणाऱ्या खऱ्या भांड्यांनी. फुटणारं भांडं हातात आलं की मूल आपोआप जपून चालतं. आमच्या ओट्यावरही तोच अनुभव येतो. खेळण्यातल्या भातुकलीत सांडलं तरी चालतं; इथे सांडलं तर घरच्यांच्या न्याहारीतलं कमी होतं.

याने माझा वेळ वाचत नाही, दुप्पट जातो. वर फरशी पुसावी लागते. पण वाढून झाल्यावर धाकटा प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत विचारतो, "कसे झालेत?" तेव्हा उगाच "वा, वा" करू नये. खरं काम दिलं असेल, तर उत्तरही खरंच द्यायला हवं. आंबट कमी वाटलं तर तसं सांगावं, आणि लिंबाची फोड त्याच्याच हाती द्यावी.