नळीतील हवा

नांदूरघाटच्या शिवारात कर्जपाहणीसाठी गेलो असता, एका शेतकऱ्याच्या विहिरीवरील डिझेल इंजिन काही केल्या सुरू होत नव्हते. हँडल मारून त्याचे हात भरून आले होते. गहू माना टाकीत होता. ‘इंजिन नादुरुस्त’ असा शेरा मी लिहिणार होतो. त्याने त्याचे पुढील कर्ज अडले असते. इतक्यात एका वृद्ध मिस्त्रींनी विचारले, "टाकी कोरडी पडली होती का?" पडली होती. नळीत हवा शिरली की डिझेलचा दाब इंजेक्टरपर्यंत पोहोचत नाही. होडीचे इंजिनही असेच अडते. त्यांनी फिल्टरवरील स्क्रू सैल केला, बुडबुडे थांबताच आवळला. इंजिन धडधडू लागले. त्यानंतर कोणत्याही थकीत खात्यावर, कारण विचारल्यावाचून, मी शेरा लिहिला नाही.